हाड अजून कच्चे आहे

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन मी घरी परतलो, त्या दिवशी आमच्या अंगणात निम्मी आळी जमली होती. आमचे केम हे करमाळा तालुक्यातले, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक असलेले गाव. कुंकवाच्या कारखान्यांमुळे त्याचे नाव दूरवर गेलेले. अशा गावात, मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाच्या पत्नीला शेजारणी काय म्हणणार, हे आपण सहज ओळखाल. ‘तुमचं कुंकू बळकट, म्हणून गुरुजी परत आले,’ असे जी ती म्हणत होती. पत्नीने सर्वांना चहा दिला आणि शांतपणे सांगितले, ‘कुंकू बळकट हाय खरं, पण हाड अजून कच्चं हाय. त्यांना जरा पडू द्या.’

ते वाक्य मी त्या दिवशी ऐकले. त्याचा अर्थ कळायला मला पाच आठवडे लागले, आणि तोही एका चुकीमुळे कळला. आपल्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हायची असेल, तर ती चूक आपल्याकडून होऊ नये, यासाठी हे लिहीत आहे.

बायपास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हृदय येते. परंतु घरी परतलेल्या रुग्णाची बहुतेक तक्रार हृदयाची नसते, छातीच्या हाडाची असते. गळ्याच्या खळग्यापासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत छातीच्या मध्यभागी जे चपटे हाड असते, त्याला उरोस्थी म्हणतात. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारद हे हाड विजेच्या करवतीने उभे कापतात, दोन्ही बाजू फाकवून काम करतात आणि शेवटी पोलादी तारांनी ते पुन्हा आवळून बांधतात. सहसा सहा ते आठ तारा घालतात. त्या आयुष्यभर आतच राहतात. काही त्रास झाला नाही तर काढाव्या लागत नाहीत.

हा मार्ग १८९७ साली हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदांनी सुचवला होता. हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी तो सर्रास वापरला जाऊ लागला तो १९५७ नंतर. आपल्या देशातली पहिली बायपास १९७५ साली चेन्नईतल्या पेरांबूर येथील रेल्वेच्या रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. शस्त्रक्रियेत इतका बदल झाला, पण हाडाचा स्वभाव काही बदललेला नाही. त्याला जुळायला तेव्हा जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. पहिले सहा ते आठ आठवडे हाड कच्चेच असते, आणि पूर्वीचे बळ यायला साधारण तीन महिने जातात.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला तशी सोय नाही. माणूस मिनिटाला पंधरा वेळा श्वास घेतो असे धरले, तरी दिवसाला वीस हजारांहून अधिक वेळा हे कापलेले हाड किंचित हलते. त्या हालचालीतच त्याला जुळायचे असते. म्हणून श्वासाव्यतिरिक्त दुसरा कोणताही ताण त्याच्यावर पडू नये, एवढीच त्याची मागणी असते.

पहिल्या पंधरवड्यात काय काय दुखते, याची मला कल्पना नव्हती. छातीचे दुखणे मी गृहीत धरले होते. पण मान, खांदे आणि पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये जो ठणका लागे, त्याने मी घाबरलो. हृदयच पुन्हा बिघडले की काय, असे वाटे. डॉक्टरांनी समजावले की शस्त्रक्रियेच्या वेळी फासळ्या बराच वेळ फाकवलेल्या असतात, त्यामुळे पाठीचे स्नायू आणि सांधे ताणले जातात. डाव्या छातीवर काही भाग बधिर होता आणि मधूनच तिथे आग होई. छातीच्या आतल्या बाजूची धमनी काढून हृदयाला जोडली असेल तर असे होते, आणि ते हळूहळू कमी होत जाते. पायाची शीर काढलेल्या ठिकाणी सूज येई. बसताना पाय उंच ठेवला की ती उतरे. याखेरीज काही कारण नसताना डोळ्यांत पाणी येई. तेही या आजारपणात पुष्कळांना होते. ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वेदना सोसण्यात मर्दुमकी आहे, असे आमच्या पिढीला वाटते. ते मनातून काढून टाका. वेदनेमुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही; मग छातीत कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्यावी. मात्र दुकानातून आपल्या मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणून घेऊ नये. हृदयाच्या रुग्णाला ती घातक ठरू शकते.

खोकला आणि शिंक यांची भीती किती वाटते, हे ज्याला टाके पडले तोच जाणे. आमच्या गावात वाऱ्याची दिशा बदलली की कुंकवाची बारीक पूड हवेत येते, आणि मला तर जन्मापासून तिची शिंक. रुग्णालयातून मिळालेली छोटी उशी मी सदैव जवळ ठेवी. शिंक येणार असे वाटताच ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची. हाडाला बाहेरून आधार मिळतो आणि कळ निम्मी होते. उशी नसेल तर घडी घातलेला टॉवेलही चालतो. खोकला दाबू नये; उशी धरून मोकळेपणाने खोकावे. मोटारीत बसतानाही पट्टा लावावाच, आणि पट्टा व छाती यांच्यामध्ये ही उशी ठेवावी.

आता शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. वडील पलंगावरून उठताना दिसले की मुलगा धावतो आणि त्यांचे दोन्ही हात धरून ओढतो, किंवा काखेत हात घालून उचलतो. माझ्या मुलाने पहिल्याच दिवशी हे केले, आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. हातांवर पडलेला ताण सरळ छातीच्या हाडावर जातो. रुग्णाने आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत, आणि पायांच्या जोरावर उठावे. आपण फक्त पाठीमागे तळहाताचा आधार द्यावा. जमिनीवर बसणे काही आठवडे टाळावे. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल तर कमोडची खुर्ची आणावी. बद्धकोष्ठ झाले तर कुंथून छातीवर जोर येतो, म्हणून त्याबाबत डॉक्टरांशी लवकर बोलावे.

हे सारे नियम मला पाठ होते. दोन-तीन किलोंहून अधिक वजन उचलायचे नाही, ढकलायचे नाही, ओढायचे नाही, दुचाकी चालवायची नाही. तरीही पाचव्या आठवड्यात मी चुकलो.

त्या दिवशी नळाला पाणी आले होते. माझी पत्नी पासष्ट वर्षांची, कमरेची दुखणेकरी. मुलगा कामावर गेला होता. अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत ती एकेक हंडा वाहत होती आणि मी, तिचा धडधाकट दिसणारा नवरा, खुर्चीत बसून ते पाहत होतो. जखम वरून पूर्ण भरली होती. दुखणेही बरेच कमी झाले होते. तिने एक हंडा उंबऱ्याशी टेकवला, कमरेवर हात ठेवून ती क्षणभर थांबली, आणि मला ते बघवेना. ती आत वळताच मी उठलो आणि पंधरा लिटरचा तो भरलेला हंडा उचलला. छातीत ‘टक्’ असे काहीतरी झाले.

हंडा मी लगेच खाली ठेवला. त्या रात्रीपासून कुशीवर वळताना, खोकताना छातीत बारीकसे ‘टक्’ होई. मी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर तिला वाटले असते की तिच्यामुळे झाले. चार रात्री मी छातीवर हात दाबून झोपलो. पाचव्या रात्री तिने दिवा लावला आणि विचारले, ‘अहो, खरं सांगा. हाड वाजतंय ना?’ तिला झोपेतही ते कळले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीवर तळहात ठेवून मला खोकायला सांगितले, जखम निरखून पाहिली, एक्स-रे काढला. तारा जागेवर होत्या, जंतुसंसर्ग नव्हता. हाडाला किंचित हिसका बसला होता. छातीचा पट्टा बांधून आणखी चार आठवडे कडक पथ्य, एवढ्यावर भागले. ‘नशीब चांगलं आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण चार दिवस लपवलंत, ते बरं केलं नाहीत. तार तुटली असती किंवा आत पू झाला असता, तर छाती पुन्हा उघडावी लागली असती.’

म्हणून कोणते दुखणे सोसायचे आणि कोणते सांगायचे, हे नीट लक्षात ठेवा. हालचाल केल्यावर होणारा, विश्रांतीने व गोळीने कमी होणारा आणि आठवड्यागणिक उतरत जाणारा ठणका हाड जुळण्याचा भाग असतो. हाड वाजणे, घासल्यासारखे वाटणे किंवा दोन भाग हलल्याचा भास होणे, हे लगेच डॉक्टरांना कळवावे. जखम लाल होणे, त्यातून पाणी किंवा पू येणे, शंभराच्या वर ताप चढणे, उतरलेले दुखणे पुन्हा वाढणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. धाप लागली, किंवा शस्त्रक्रियेपूर्वी होत असे तशी छातीत कळ आली, तर विचार करत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे हाच हाडाचा मोठा उपचार. तंबाखू आणि मिश्री यांनी हाड जुळायला उशीर होतो. मिश्रीला तंबाखू न समजणाऱ्या आमच्या भागातल्या भगिनींना हे मुद्दाम सांगतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, मोडाची मटकी, दूध, चालत असल्यास अंडे घ्यावे. आणि स्त्री-रुग्णांच्या घरच्यांनी विशेष सावध राहावे. भाकरी थापणे, कपडे पिळणे, कुकर उतरवणे ही ‘हलकी’ समजली जाणारी कामे छातीवर चांगलाच जोर देतात, आणि बाई चालू-फिरू लागली की घर तिला ती कामे परत देऊन टाकते. जखम ताणली जाऊ नये म्हणून आधार देणारे मऊ अंतर्वस्त्रही त्यांनी डॉक्टरांना विचारून वापरावे.

डॉक्टरांकडून परतल्यावर मुलाने एक साधी गोष्ट केली. बाजारातून लांब रबरी पाइप आणला आणि नळाचे पाणी थेट स्वयंपाकघरातल्या पिंपात सोडले. हंडा वाहण्याचे कामच घरातून गेले. हे शस्त्रक्रियेच्या आधी का सुचले नाही, याची आम्हा सर्वांना लाज वाटली. आम्ही पैशांची सोय केली, रक्ताची केली, रुग्णालयाजवळ राहण्याची केली. पण घरी आल्यावर ओझे कोण उचलणार, याचा विचार कुणी केला नव्हता. तो आपण आधी करा. पाणी, गॅसची टाकी, धान्याचे पोते, अंथरुणे या सगळ्यांची व्यवस्था रुग्ण घरी येण्यापूर्वी लावा. शुश्रूषा करणाऱ्याची कंबर शाबूत राहिली, तरच रुग्ण निश्चिंतपणे खुर्चीत बसू शकतो.

रोज सकाळी आम्ही दोघे उत्तरेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागलो. आधी अंगणातल्या फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग देऊळ, असे अंतर वाढत गेले. तिथे मी हात जोडून उभा राही, आणि डोक्यावरची घंटा दोघांच्या वतीने ती वाजवी. चौथ्या महिन्यात तपासणी करून डॉक्टरांनी बंधने उठवली. त्यानंतरच्या सोमवारी ती घंटेखाली आली, थांबली आणि बाजूला सरकली.

‘आज तुम्ही वाजवा,’ ती म्हणाली. ‘पण हळू.’