खाडीतला खांब

ट्रॉम्बे, रविवार सकाळ

चि. ओंकार,


परवा तुझा फोन झाला आणि तो खांब पुन्हा डोळ्यांसमोर आला. मे महिन्यात गच्चीवर उभा राहून तू मला खाडीच्या चिखलात रोवलेला तो जाळ्याचा खांब दाखवला होतास. "आत्या, इथून तो टिपता आला पाहिजे." तेव्हा मी हसले होते. आता म्हणतोस, पैसे साठलेत. स्वस्तातली एअर रायफल घ्यायची आणि उरलेले सगळे पैसे स्कोपवर घालायचे.

आधी खांबाचं बोलू. तो विसर. ओहोटीला त्या चिखलात आपल्या कोळणी शिंपल्या वेचायला उतरतात, थंडीत रोहित पक्षी येतात, आणि हुकलेला छर्रा दोनशे मीटर सहज जातो. त्यातून आपलं गाव म्हणजे इकडे अणुसंशोधन केंद्र, तिकडे नौदलाचा दारूगोळा. इथे गच्चीवर दुर्बीण घेऊन उभं राहिलं तरी शेजारी विचारतात. 0.177 बोअरच्या कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही हे खरं, पण म्हणून ती कुठेही झाडायची नसते. नेम धरायचा तो रेंजवर.

आता स्कोप. कॉलेजात एनसीसीत असताना मी पॉइंट टू-टू रायफल झाडायचे, ती उघड्या माशीवर. पुढे हौस म्हणून स्प्रिंगची एअर रायफल घेतली आणि तिच्यावर एक स्वस्त स्कोप चढवला. पहिल्या दिवशी वाटलं, आता काय, जग जवळ आलं! महिन्याभरात त्याचा नेम भरकटायला लागला. सकाळी डावीकडे, संध्याकाळी खाली. मी स्वतःलाच दोष देत बसले. नंतर कळलं, स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन सुटताना बंदूक मागे धक्का देते आणि तो टोकाला आदळला की पुढे. मोठ्या बंदुकीचा धक्का एकाच बाजूचा असतो. हा दोन्हीकडचा हिसका साध्या स्कोपच्या आतली भिंगं आणि फुलीच्या तारा ढिल्या करतो. शिवाय बरेच स्वस्त स्कोप शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात. दहा मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की फुलीही टार्गेटवर सरकते. म्हणून घ्यायचाच तर एअर रायफलसाठी बनवलेला, दहा यार्डांपर्यंत फोकस जुळणारा घे.

आणि हो, स्प्रिंगची बंदूक छर्‍याशिवाय कधी झाडू नकोस. पिस्टनपुढे हवेची गादी उरत नाही, तो थेट आपटतो. तिला आवळूनही धरायचं नाही. तळहातावर नुसती टेकवायची, तिला हवा तसा हिसका घेऊ द्यायचा. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

लांबच्या नेमाची तुला ओढ आहे, म्हणून हिशेब सांगते. पॉइंट टू-टूची गोळी 50 मीटर जायला सेकंदाचा सहावा भागसुद्धा घेत नाही, पण तेवढ्यात ती साधारण 12 सेंटिमीटर खाली येते. अंतर दुप्पट केलंस तर पडणं दुप्पट नाही, चौपटीहून जास्त होतं, अर्धा मीटरभर. स्कोपवरची टिकटिक हे पडणं भरून काढते. तुझा हात मात्र ती थांबवत नाही. उलट स्कोप नऊपट मोठं करून तुझीच धडधड तुला दाखवतो, आणि फुली नाचताना दिसली की मुलं घाईने घोडा ओढतात.

ऑलिम्पिकच्या रायफलीवर स्कोप नसतोच, माहीत आहे ना? बारीक भोकातून बघायचं. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्‍याहून लहान. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, त्याने 2024 च्या 1 ऑगस्टला याच 50 मीटरवर पॅरिसमध्ये कांस्य घेतलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही प्रकारांत मिळून 451.4 गुण. पात्रता फेरीत तो सातवा होता. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 ला अथेन्सला गेल्या होत्या, आणि त्यांना घडवलं संजय चक्रवर्ती सरांनी. अंजली भागवत, सुमा शिरूर त्यांच्याच हाताखालच्या. अंजलीताईंची सुरुवातही एनसीसीतूनच झाली आणि 2000 मध्ये त्या सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांचं नाव घेतलं की मला उगाच आपल्या घरचं कुणी खेळायला गेल्यासारखं वाटतं. एनसीसीची खाकी मीही घातली होती, तेवढंच नातं.

स्वप्निलच्या वडिलांनी कर्ज काढलं ते काडतुसांसाठी, ही बातमी तू वाचली असशील. तुझ्या साठलेल्या पैशांचे तीन वाटे कर. एक बंदुकीचा, दुसरा, आणि तो मोठा, छर्‍यांचा आणि रेंजच्या फीचा. उरेल त्यात स्कोप बसला तर बसला. छर्‍यांचे दोन-तीन प्रकार आणून बघ. एकच बंदूक एका डबीचे छर्रे जवळजवळ पाडते आणि दुसरीचे विखुरते. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

वारा शिकायला मात्र ट्रॉम्ब्यासारखी जागा नाही. जेट्टीवर होड्यांचे झेंडे एका दिशेला फडफडत असतात, आणि टाटांच्या वीजकेंद्राच्या 275 मीटर उंच चिमणीचा धूर कधी कधी भलतीकडेच वळलेला असतो. नवखा माणूस धुराकडे बघतो. पण गोळी झेंड्याच्या उंचीवरून जाते, आणि 50 मीटरवर तिला सेंटिमीटरभर बाजूला ढकलायला साधी झुळूक पुरते.

दिवाळीत ये. बंदूक आणू नकोस, वही आण. सकाळी सहाला जेट्टीवर बसू. दर पाच मिनिटांनी झेंडे कसे होते ते तू लिहायचं, चहा माझ्याकडे. वहिनीला सांग, या खेपेला तुला आठ दिवस ठेवून घेणार आहे.

तुझी,
आत्या