कळसूबाई आणि सांधण: बाप-लेकीचे दोन दिवस

आमच्या लेकीला बर्फावरून घसरायचे होते. ती सातवीत आहे आणि हा हट्ट आम्हीच ओढवून घेतलेला. तिच्या सामान्यज्ञानाच्या वहीत आम्ही कौतुकाने लिहून दिले होते, की 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा मुहम्मद आरिफ खान. तंगमर्गकडचा हा तरुण. वडिलांचे गुलमर्गला स्कीइंगच्या सामानाचे दुकान, आणि चार वर्षांचा असतानाच त्याचे पाय बर्फावर पडले. जायंट स्लालम शर्यतीत तो 45 वा आला. लेकीला 45 व्या क्रमांकाशी काही देणेघेणे नव्हते. तिने एवढेच विचारले, "त्याच्या अब्बूंनी त्याला लहानपणीच नेलं. तुम्ही मला कुठे नेलं?"

राहात्याला बर्फ मिळतो तो रसवंतीवर. पेरूच्या बागा, ऊस, कालवे, सगळा सपाट मुलूख. उंच म्हणावे असे काय, तर पाण्याची टाकी आणि मशिदीचा मिनार. पण याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे आणि तिथे 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बर्फ नाही तर नाही, कातळ तर आहे. डिसेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार ठरला.

घरात दादीने, म्हणजे आमच्या अम्मीने, हरकत घेतली. "छोकरी बडी हो रई. पहाडपे क्या काम उसका?" लेक लगेच म्हणाली, "दादी, बीबी हाजरा पण सफा-मरवाच्या टेकड्यांवर सात वेळा धावल्या ना?" दादी चष्मा पुसत म्हणाली, "वो बच्चे के पानी के वास्ते दौडे. तेरे सरीके मजे के वास्ते नई." यावर आम्हाला काही बोलता आले नाही. शेवटी परवानगी मिळाली, एका अटीवर: रस्सीवर लटकायचे नाही. आम्ही लेकीच्या देखत "नाही लटकणार" असा शब्द दिला.

फजर पढून, सफरची दुआ म्हणून निघालो. लोणीला कोल्हार-घोटी रस्ता धरला, की तोच संगमनेर, अकोले, राजूर करत थेट कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात नेतो. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. संगमनेरला चहा घेताना लेकीने हिशेब मांडला. हनफी मसलकात साधारण 77-78 किलोमीटरच्या सफरीला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि जुहर, असर, इशाच्या चार फर्ज रकातींच्या जागी दोन पढतो. "पण अब्बू, जिल्हा तर आपलाच आहे!" आपलाच आहे, पण क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. स्वतःच्या जिल्ह्यात मुसाफिर व्हायची सोय प्रत्येकाच्या नशिबी नसते.

बारीतून चढाई सुरू झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. आधी भातखाचरे, मग पायऱ्या-पायऱ्यांची वाट, मग उभा कातळ. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. पुस्तकात आम्ही हे दरवर्षी शिकवतो. हाताला तो किती खरखरीत लागतो, हे मात्र पहिल्यांदाच कळले. बाजूने नऊवारी नेसलेल्या, अनवाणी आजीबाई आम्हाला मागे टाकून जात होत्या. कळसूबाईची गोष्ट एकीने चालता चालताच सांगितली. काळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, ही तिची अट. एकदा तीच कामे करायला लावली, तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमची. लेकीला ही गोष्ट फारच पटली. घरी भांड्यांची पाळी तिची असते.

जिथे कातळ उभाच होतो तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. इथे खरे ते सांगावे लागेल. पहिली शिडी आम्ही चढलो. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर पायांमधल्या फटीतून खालचे गाव दिसले, आणि आमचे गुडघे जागच्या जागी थांबले. हात गजाला चिकटले, ना वर ना खाली. मागे रांग. शाळेत दोरीवरच्या उड्यांना कचरणाऱ्या मुलांना "घाबरतोस काय रे?" म्हणून आम्ही किती वेळा ओरडलो असू. लेक वर पोहोचली होती. ती शिडीच्या तोंडाशी पोटावर आडवी झाली आणि अगदी हळू म्हणाली, "अब्बू, खाली नका बघू. माझ्याकडे बघा. आता उजवा पाय." मग डावा. मग परत उजवा. मागच्या रांगेतले कोणी हसले नाही, याचे अजून नवल वाटते.

शिखराच्या अलीकडे विहीर आहे. तिच्या पाण्याने वुजू केला. माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आणि दर्शनाची रांग. आम्ही गर्दीपासून लांब, खडकावर जानमाज अंथरून जुहरच्या दोन रकाती पढल्या. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले, दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय चकाकत होता. प्रवरेवरचे हे धरण 1910 मध्ये बांधायला घेतले आणि 1926 मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी लोणी, श्रीरामपूरच्या उसापर्यंत येते. आपल्या रसवंतीचा उगम असा शिखरावरून पाहायला मिळाला. उतरताना त्याच शिड्या होत्या. आम्ही त्या तोंड कातळाकडे करून उतरलो, आणि त्याबद्दल दोघेही काही बोललो नाही.

मुक्कामाला साम्रद गाठेपर्यंत मगरिब झाली. एका घरी जेवणाची सोय होती. आम्ही मांसाहार घेणार नाही म्हटल्यावर वहिनींनी पिठले, भाकरी आणि ठेचा वाढला. नमाजसाठी पडवी झाडून दिली आणि मुलांना तिकडे जाऊ दिले नाही.

साम्रदच्या शेजारीच सांधण दरी आहे. दरी कसली, जमिनीला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये काही जागी जेमतेम दोन माणसे मावतील एवढी फट, तळाशी दगडांचा खच आणि साचलेले पाणी. ऊन आत येते तेही मोजून. पावसाळ्यात इथे पाऊल टाकू नये, वरून लोंढा येतो आणि पळायला जागा नसते. हिवाळ्यात मात्र पोरेसोरे गुडघाभर पाणी तुडवत जातात. पुढे दरी कोकणाच्या बाजूला टप्प्याटप्प्याने कोसळते, तिथून पुढचा प्रवास रोपवरच. आम्ही त्याच्या कितीतरी अलीकडूनच परतलो. शब्द दिलेला होता.

पण वर आलो तर गावातल्या तरुणांनी बाजूच्या कातळावर रोप लावलेली. तीसेक फुटांचा टप्पा, शहरातून आलेल्या मुलांच्या सरावासाठी. लेक काही मागत नव्हती. नुसती बघत उभी होती. मागितले असते तर नाही म्हणणे सोपे गेले असते.

आम्ही त्या तरुणांना प्रश्न विचारू लागलो, उलटतपासणीच म्हणा ना. रोप कशाला बांधली? एकाला नाही, दोन वेगवेगळ्या जागी. का? एक सुटली तर दुसरी धरते. केवढा भार सोसते? अकरा मिलिमीटरची ही रोप दोन टनांहून जास्त सोसते. आणि मुलीचा हात सुटला तर? "सुटू दे की सर. बिले आहे ना." म्हणजे चढणाऱ्याच्या कमरेच्या हार्नेसची रोप वरच्या खिळीतून फिरून खाली एका माणसाकडे येते, तो ती सतत ताणून ठेवतो. चढणारा निसटला तर वीतभर खाली येतो आणि लटकतो. लटकतो! दादीचा नेमका तोच शब्द.

घरी विचारावे म्हटले तर मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही पाच मिनिटे त्या कातळासमोर उभे राहिलो. काल शिडीवर हिने आम्हाला वर नेले, आणि आज आम्हीच तिला नको म्हणायचे? दुसऱ्या बाजूला अम्मीला दिलेला शब्द होता, तो मोडायचा तर मोडला असेच म्हणावे लागणार, पळवाट नाही. मग म्हटले, "जा. घरी मी सांगेन."

हार्नेस तिने लांब कुर्त्यावरून स्वतः चढवला. त्या मुलाने दोन हात दूर उभे राहून बकल कसे उलटे ओवायचे ते दाखवले आणि तपासायला आम्हाला सांगितले. स्कार्फची टोके आत खोचायला लावली, कारण सैल कापड यंत्रात अडकते. वर हेल्मेट. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तीन कातळावर पक्के. बिस्मिल्लाह म्हणून ती चढू लागली. अर्ध्यावर तिचा पाय घसरला. ती खरोखरच वीतभर खाली आली आणि लटकली. रोप धरणारा मुलगा जरासा मागे झुकला, बस. आमच्या हातात तिचे बूट होते, दुसरे काही नव्हते. खालून काय काय ओरडावेसे वाटले, पण तिला जे ऐकायचे होते ते ती त्या मुलाकडून ऐकत होती. थोडा दम घेऊन ती पुन्हा कातळाला लागली आणि वर पोहोचली.

आम्हालाही बोलावले. आम्ही बूट सांभाळतो म्हणालो.

रविवारी इशाच्या सुमाराला घरी पोहोचलो. दादी जागी होती. आम्ही तोंड धुण्याच्या आधीच सांगून टाकले, "अम्मी, रस्सी पे चढी. मैंने चढाया." दादी आमच्याकडे बघायलाच तयार नाही. तिने नातीला जवळ ओढले, तिचे तळवे दिव्याखाली धरले, सोललेल्या कातडीवर खोबरेल लावले. बराच वेळ कोणीच बोलेना. मग तिने विचारले, "रस्सी कित्ती मोटी थी गे?"

लेकीने करंगळी पुढे केली. दादीने ती करंगळी आपल्या बोटांत धरून चेपून पाहिली.