एकाकी वादक

वाद्यवृंद म्हटला कीं अनेक वादक आणि त्यांचा एक सूत्रधार असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु एकाच तरुणानें बहुतेक सर्व वाद्यें स्वतः वाजवावीं, एका ध्वनीवर दुसऱ्या ध्वनीचा थर चढवावा आणि त्यांतून एक अखंड दीर्घ रचना उभारावी, हें ऐकून आम्हांस मोठें नवल वाटलें. तो तरुण म्हणजे इंग्लंडांतील माइक ओल्डफील्ड. रॉक संगीतास प्रदीर्घ व बहुरंगी रचनेचें रूप देणाऱ्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक' संप्रदायांत त्यांची गणना होते. आम्ही स्वभावतः भिडस्त. वर्गांत उत्तर येत असूनही आमचा हात वर होत नाहीं. मात्र पेटी पुढें ओढली म्हणजे वेळेचें भान राहत नाहीं. तेव्हां या गृहस्थांचें चरित्र आम्ही केवळ कुतूहलानें वाचलें नाहीं, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नकोच.

ओल्डफील्ड यांचा जन्म १५ मे १९५३ रोजीं रेडिंग येथें झाला. वडील डॉक्टर, आई मूळची आयर्लंडची. आईच्या मानसिक आजारामुळें घरांत स्वास्थ्य नसे. अशा वेळीं हा बालक गिटार घेऊन आपल्या खोलींत जाऊन बसे. आमच्या आजीच्या दीर्घ आजारांत आमच्याही घरीं कोणी मोठ्यानें बोलत नसे. त्या दिवसांत पेटीचा भाता अगदीं हळू हलवून आम्ही मनावरचें ओझें उतरवीत असूं. म्हणून त्या बंद खोलीचा अर्थ आम्हांस कळतो.

पुढें १९७० च्या सुमारास ते केव्हिन एअर्स यांच्या संघांत बास गिटार वाजवूं लागले. एअर्स यांनीं त्यांस एक ध्वनिमुद्रक यंत्र वापरावयास दिलें. जुना ध्वनि पुसून टाकणारा त्यांतील भाग ओल्डफील्ड यांनीं झांकून टाकला; त्यामुळें पहिल्या ध्वनीवर दुसरा चढविणें शक्य झालें. असा तयार केलेला नमुना अनेक कंपन्यांनीं नाकारला. ऑक्सफर्डशायरमधील 'द मॅनर' या जुन्या वाड्यांत रिचर्ड ब्रॅन्सन यांनीं ध्वनिमुद्रणालय थाटलें होतें. तेथील टॉम न्यूमन व सायमन हेवर्थ यांस मात्र तो आवडला, आणि अखेर ओल्डफील्ड यांस तेथें काम करावयास मिळालें. २५ मे १९७३ रोजीं 'ट्यूब्युलर बेल्स' प्रसिद्ध झाली. ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन कंपनीची ती पहिलीच ध्वनिमुद्रिका. आणि कर्त्यास वीस वर्षें पुरीं होऊन अवघे दहा दिवस झाले होते! पहिल्या भागाच्या शेवटीं एकेका वाद्याचें नांव पुकारलें जातें, तें वाद्य येऊन मिळतें, आणि सर्वांच्या मागून धातूच्या लांब नळ्यांच्या घंटा निनादतात. त्याच वर्षीं 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटांत तिचा आरंभीचा भाग घेतला गेला व तिची कीर्ति दूरवर पसरली.

पण कीर्तीबरोबर गर्दीही त्या खोलीच्या दारीं आली. ओल्डफील्ड वेल्सच्या सीमेजवळ एकांतांत राहावयास गेले. १९७४ सालीं त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका 'हर्जेस्ट रिज' इंग्लंडांत विक्रींत अग्रस्थानीं पोंचली, आणि तिला तेथून खालीं ओढलें तें त्यांच्याच पहिल्या ध्वनिमुद्रिकेनें! तरीही लोकांसमोर येण्याचा संकोच सुटेना. १९७८ सालीं आत्मविश्वास वाढविणाऱ्या एका शिक्षणक्रमास ते गेले, व पुढील वर्षीं मोठा संच घेऊन त्यांनीं यूरोपांत दौरा केला. त्यांत पैशाचें नुकसान झालें, परंतु भीतीचा बांध फुटला. २७ जुलै २०१२ रोजीं लंडन येथील ऑलिंपिकच्या उद्घाटनसमारंभांत त्यांनीं साऱ्या जगासमोर वादन केलें.

भिडस्तपणा हा दोष होय, असें आम्हांस अनेकदां ऐकावें लागतें. आमच्या अल्प मतीप्रमाणें एकांत हा दोष नव्हे. तथापि तो पुरेसाही नव्हे. बंद खोलींत स्वर सांपडले हें खरें. पण एअर्स यांनीं यंत्र दिलें नसतें, न्यूमन व हेवर्थ यांनीं कान दिला नसता, तर ते स्वर खोलींतच विरून गेले असते. आपल्या शाळेंतही मागच्या बाकावर मुकाट बसणारा एखादा असेलच. त्यास बोलावयास भाग पाडण्यापूर्वीं त्याच्या हातीं कोणतें वाद्य द्यावें, याचा विचार आपण करावा. आणि आम्हां मुकाट बसणारांनींही, कोणी दार ठोठावल्यास, आंतून कडी काढावी, एवढीच विनंती.