जलपर्यटनास निघण्यापूर्वीं

प्रवासास निघणारा मनुष्य जे प्रश्न विचारतो त्यांवरून त्याला कशाची काळजी वाटते हें कळतें. आणि जे विचारीत नाहीं त्यांवरून ती काळजी किती खोल आहे हें कळतें. गेल्या चारपांच वर्षांत जलपर्यटनाविषयीं विचारपूस करण्याकरितां जीं माणसें आमच्या घरीं आलीं, त्यांच्यामुळें ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आम्ही राहतों तें सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत आहे. येथून मुंबईचा समुद्र रस्त्यानें चारशेंहून अधिक किलोमीटर. खाऱ्या पाण्याची आम्हांस अपूर्वाई नाहीं. लोणारचें सरोवर जवळच आहे. परंतु त्या सरोवराच्या कोणत्याहि कांठावर उभें राहिलें तरी समोरचा कांठ दिसतो. पलीकडचा कांठ न दिसणारें पाणी आमच्या गांवांतील पुष्कळ वृद्धांनीं अद्याप चित्रांतच पाहिलेलें आहे. असें असतां त्यांपैकीं कित्येकांवर एकदम कॅरिबियन समुद्रांत जाण्याचा प्रसंग आला आहे!

याचें कारण उघड आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस असते. आईबाप कांहीं महिने तिकडे राहावयास जातात, आणि मुलें हौसेनें मायामीहून सुटणाऱ्या जहाजाचीं आठ दिवसांचीं तिकिटें काढून ठेवतात. मग इकडे प्रश्नांस आरंभ होतो. इंग्रजी शिकलेल्या प्राध्यापकास सर्व विषय ठाऊक असतात, असा आमच्या गांवीं एक समज आहे. शिवाय दोन वर्षांपूर्वीं आम्ही सपत्नीक या प्रवासास जाऊन आलों, त्यामुळें त्या समजास पुरावाहि मिळाला. निरनिराळ्या मंडळींस जें निरनिराळ्या वेळीं सांगितलें तें एकत्र मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. आमच्या आजोबांच्या पिढीस समुद्रयानासाठीं धर्मशास्त्राची परवानगी हवी असे. आम्हांस व्हिसाची हवी असते, आणि प्रायश्चित्त घेऊन ती मागाहून मिळत नाहीं. अमेरिकेच्या बंदरांतून सुटून तेथेंच परत येणारें जहाज मध्यंतरीं परराष्ट्रांच्या बंदरांस लागतें. म्हणजे प्रवासी अमेरिकेबाहेर गेला व त्यानें पुन्हां प्रवेश मागितला, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून व्हिसा अनेक वेळां प्रवेश देणारा असला पाहिजे, व परतीच्या दिवसापर्यंत त्याची मुदत शिल्लक असली पाहिजे. मेक्सिकोच्या बंदरांसाठीं, अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यास, निराळा व्हिसा लागत नाहीं. जमैका व बार्बाडोस येथें भारतीय पर्यटकास थोड्या दिवसांच्या मुक्कामास व्हिसाची अट नाहीं. परंतु बेटें पुष्कळ, राज्यें निरनिराळीं आणि नियम बदलणारे. तेव्हां जहाज ज्या ज्या बंदरांस लागणार त्या सर्वांचीं नांवें लिहून काढावींत आणि प्रत्येकाविषयीं कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावें. कागदांत उणीव निघाली तर प्रवासी धक्क्यावरच राहतो, आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहींत.

दुसरी एक अडचण फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जहाज त्रिनिदाद, पनामा, गयाना किंवा सुरिनामकडे जाणारें असल्यास स्वदेशीं परततांना पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला मागितला जातो. तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत अलग राहण्याची पाळी येऊं शकते. ही लस आपल्याकडे सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि टोंचल्यापासून दहा दिवसांनीं दाखला ग्राह्य होतो. साठीपलीकडील माणसांस ही लस क्वचित् बाधते. म्हणून आपल्या डॉक्टरांचा विचार घेतल्याखेरीज ती टोंचून घेऊं नये. त्यापेक्षां त्या बंदरांस न लागणारें जहाज निवडणें बरें.

ऋतूचा विचारहि तितकाच अगत्याचा. त्या समुद्रांत १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा जोर विशेष. आजकालचीं जहाजें वादळाची वार्ता आधींच मिळवून वाट बदलतात. त्यामुळें जिवास सहसा धोका नसतो, पण ठरलेलीं बंदरें टळतात व त्याबद्दल कंपनीस जाब विचारतां येत नाहीं. ज्यांना वेळ निवडतां येतो त्यांनीं डिसेंबर ते एप्रिल हे महिने पसंत करावे.

“बोट लागते काय हो?” हा प्रश्न तर ठरलेलाच. जानेवारी २०२४ मध्यें मायामीहून सुरू झालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें जहाज ३६५ मीटर लांब आहे. तसलीं पांच जहाजें एकापुढें एक ठेवलीं तर लोणारच्या विवराचा व्यास भरून निघेल! एवढें धूड सहजासहजीं हालत नाहीं. तरी समुद्र तो समुद्रच. खोली मध्यभागीं व खालच्या मजल्यांपैकीं एकावर घ्यावी, कारण तेथें हेलकावा कमी लागतो. मळमळूं लागल्यास उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावें, पोट अगदीं रिकामें ठेवूं नये, आणि आलें चघळावें. औषधाच्या गोळ्या आहेत. पण रक्तदाबाचीं वगैरे औषधें चालू असणाऱ्यांनीं त्या विचारून घ्याव्या. ज्यांचा धीर होत नसेल त्यांनीं आधीं मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या पर्यटनजहाजावर पावसाळा टाळून एकदोन रात्री काढून पाहाव्या. घरच्या अंगणांत झालेली परीक्षा केव्हांहि बरी.

जेवणाची चिंता आमच्या मंडळींस सर्वांत मोठी, आणि तीच सर्वांत कमी कारणाची. तिकीट काढतांनाच शाकाहारी जेवण सांगून ठेवावें; पूर्वसूचना दिल्यास पुष्कळ जहाजांवर जैन जेवणहि मिळतें. घरीं केलेले लाडू, चकल्या यांचे डबे मात्र बरोबर घेऊं नयेत. घरगुती पदार्थ जहाजावर आणूं देत नाहींत, कारखान्यांत बंद केलेलीं पाकिटें चालतात. इस्तरी व चहाची विजेची किटली यांसहि बंदी असते. निरांजन, उदबत्ती आणि मेणबत्ती यांचीहि तीच गत, कारण जहाजावर आगीसारखा दुसरा शत्रु नाहीं. देवास हात जोडावे; तो समजून घेईल. हात धुण्यास साबण व पाणीच वापरावें. जहाजांवर पसरणाऱ्या ओकारी-जुलाबाच्या सांथीस बाटलींतील द्रव पुरा पडत नाहीं. आणखी एक लहानशी गोष्ट. लष्करी ठिपक्यांचे कपडे बरोबर नेऊं नयेत. बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांत सामान्य माणसानें ते घालणें हा गुन्हा आहे, मग तो नातवाचा सदरा कां असेना.

पैशाविषयीं एवढेंच, कीं तिकिटाचे पैसे म्हणजे सर्व पैसे नव्हेत. नोकरवर्गाची बक्षिसी म्हणून माणशीं रोज सुमारें पंधरा ते वीस डॉलर खात्यावर चढतात. इंटरनेट, मद्य व बंदरांवरील सफरी निराळ्या. जहाजावरील डॉक्टरची फी जबर असते. म्हणून जुनीं दुखणीं न लपवितां प्रवासाचा विमा उतरावा. नेहमींचीं औषधें चार दिवस अधिक पुरतील इतकीं हातांतल्या पिशवींत ठेवावीं, कारण मोठें सामान खोलींत येऊन पडण्यास कित्येक तास लागतात.

बंदरांवर उतरतांना जहाजाचें घड्याळ तेंच खरें समजावें. कंपनीच्या सफरीस उशीर झाला तर जहाज थांबतें. स्वतंत्रपणें फिरावयास गेलेल्यासाठीं थांबत नाहीं. ग्रँड केमन बेटाच्या जॉर्जटाउन बंदरांत मोठीं जहाजें धक्क्यास लागत नाहींत. दूर नांगर टाकतात व प्रवाशांस लहान नावांतून किनाऱ्यास नेतात. कोंकणांतील वृद्धांस यांत नवल वाटणार नाहीं. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णैसारख्या बंदरांत दूर उभी राही व उतारू पडावांत उतरत, हें त्यांनीं पाहिलेलें आहे. आम्हां वऱ्हाडच्या माणसांस मात्र हेलकावणाऱ्या नावेंत पाय टाकणें शिकावें लागतें. खलाशी हात देईल तेव्हांच पाय टाकावा, आधीं नाहीं.

येथपर्यंत विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें झालीं. आतां जो प्रश्न आम्हांस कोणींच विचारला नाहीं त्याकडे वळतों.

आमच्या प्रवासांत एका रात्रीं जेवणानंतर आम्ही खोलीकडे परतत होतों. त्या जहाजांवरील बोळ एकासारखे एक असतात. तोच गालिचा, तींच दारें. अशा एका बोळांत एक वृद्ध बाई लुगड्याचा पदर सांवरून भिंतीशीं उभ्या होत्या. आम्हीं मराठींत विचारपूस करतांच त्यांचा चेहरा उजळला. बोलण्यावरून त्या आमच्याच बाजूच्या निघाल्या. मुलगा-सून नातवंडांस घेऊन खेळ पाहावयास गेलीं होतीं, आणि ह्या एकट्या परतत असतां चुकल्या होत्या. हातांतील कार्डानें दार उघडतें, पण सुरक्षिततेसाठीं त्यावर खोलीचा क्रमांक छापलेला नसतो. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “नंबर पोराले ठाव हाय, मले कोनी सांगतलाच नाही.” पासपोर्ट सुनेच्या पाकिटांत, औषधें मुलाच्या खोलींत, फोन कोणाचा तो पाठ नाहीं. आम्हीं त्यांना चौकशीच्या मेजाकडे नेलें व दहा मिनिटांत सर्व ठीक झालें. मुलगा सज्जन होता, आईवर त्याचें प्रेम होतें, सारा खर्च त्यानेंच केला होता. तरी आईला त्या जहाजावर आपलें असें कांहींच ठाऊक नव्हतें. तिची नीट व्यवस्था झाली होती. पण ती एखाद्या मौल्यवान पेटीची होते तशी.

हा प्रकार मायेपोटीं घडतो हें आम्ही जाणतों. परंतु समुद्रावर अज्ञानाची किंमत जमिनीवरल्यापेक्षां अधिक पडते. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. लाटेनें बोट कलतांच घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले, आणि बोट सांवरली नाहीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. पोहून आलेल्यांनीं सांगितलें तेव्हां मुंबईस बातमी कळली. पुढें १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें सर्व यंत्रांनीं सज्ज असलेलें जहाज खडकावर आदळून कलंडलें व ३२ माणसें गेलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांस संकटकाळीं कोठें जमावें हें दाखविण्याची कवाईत अद्याप व्हावयाची होती. त्यानंतर नियम कडक झाले. २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच झालीच पाहिजे. सात आंखूड व एक लांब असा भोंगा झाला म्हणजे आपल्या ठरलेल्या जागीं जावयाचें, इतकेंच त्यांतलें मुख्य ज्ञान. पण “आई, तूं बस, आम्ही पाहून येतों,” असें म्हणून घरांतील वृद्धांस पाहिल्यासारखें करून परत बसविलेलें आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

या समुद्रास आपल्या देशाचीं माणसें आजच जात आहेत असेंहि नाहीं. ३० मे १८४५ रोजीं ‘फतेल रझाक’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून त्रिनिदादला लागलें. त्यावर उंसाच्या मळ्यांसाठीं करारानें नेलेले सव्वादोनशेंच्या आसपास हिंदी मजूर होते. आपल्या मराठी मुलखांतूनहि त्या काळीं माणसें मॉरिशसला गेलीं. गिरमिटाच्या त्या पद्धतींत पुष्कळांस आपण कोठें, किती दूर व कशासाठीं जात आहों हेंहि धड सांगितलेलें नसे. आज त्रिनिदादच्या रस्त्यावर डाळपुरी मिळते. वाटलेली डाळ भरून लाटलेली ती पोळी पाहून आमच्या गृहिणीस आपल्या पुरणपोळीची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. ती खावी, आणि ती तेथवर कोणीं नेली हेंहि आठवावें. प्रेमानें नेलेल्या आईबापांची व त्या मजुरांची तुलना करणें योग्य होणार नाहीं. परंतु आपण कोठें आहों व संकट आल्यास कोठें जावयाचें हें ज्याला ठाऊक असतें तो प्रवासी, आणि ज्याचें सर्व दुसऱ्यासच ठाऊक असतें तो माल, हा भेद मात्र तेव्हां होता तसाच आजहि आहे.

म्हणून तिकिटें काढणाऱ्या मुलांस आमचें सांगणें असें. आईवडिलांच्या गळ्यांत एक लहान पिशवी द्यावी. तींत त्यांचें कार्ड, पासपोर्टची प्रत, दोन दिवसांचीं औषधें, आणि एका कागदावर ठळक मराठींत मजला, खोलीचा क्रमांक, जमण्याची जागा व तुमचा फोन लिहिलेला असावा. पहिल्या दिवशीं एकदां त्यांना बरोबर घेऊन खोलीपासून त्या जागेपर्यंत चालावें. दुसऱ्या वेळीं त्यांना पुढें चालूं द्यावें व आपण मागून जावें. आणि निघणाऱ्या वडील मंडळींस सांगणें असें, कीं जेवणाविषयीं दहा प्रश्न विचारतां तसा हा एक प्रश्न मुलांस बिनसंकोच विचारावा: माझी खोली कोणती, आणि भोंगा झाला तर मीं कोठें जावयाचें? एवढें उत्तर पदरीं असलें म्हणजे लोणारकांठच्या माणसानेंहि खुशाल त्या अफाट पाण्यावर जावें, आणि दुसरा कांठ दिसत नाहीं याची मौज लुटावी.