दुबईचा शावरमा, घरच्या ओव्हनमध्ये

दुबईच्या सतवा भागात एक रुंद, गजबजलेला रस्ता आहे. ‘२ डिसेंबर मार्ग’ हे त्याचे आजचे अधिकृत नाव. १९७१ साली याच दिवशी संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली, त्याची ही आठवण. जुनी मंडळी मात्र त्याला अजूनही अल दियाफा म्हणतात. दियाफा म्हणजे आतिथ्य. सूर्य मावळला आणि उन्हाची काहिली थोडी ओसरली, की हा रस्ता आपले जुने नाव सार्थ करू लागतो. पदपथावर टेबले मांडली जातात आणि काचेआडच्या लालबुंद शेगड्यांसमोर मांसाचे उंच शंकू संथपणे फिरू लागतात. वेलदोडा, दालचिनी, लसूण आणि भाजलेली चरबी यांचा एकत्रित दरवळ रस्त्याच्या पलीकडेही पोहोचतो. हा शावरमा.

शावरमा हा मूळचा दुबईचा पदार्थ नव्हे. लेबनॉन, सीरिया, जॉर्डन, पॅलेस्टाईन या प्रदेशांतून आलेल्या लोकांनी तो आखाताला दिला. त्यांच्याकडे तो ऑटोमन तुर्कांकडून आला. तुर्की भाषेतील ‘चेविर्मे’ म्हणजे फिरवणे, त्यावरून अरबीतला शावरमा. तुर्कांचा ‘दोनेर’ आणि ग्रीकांचा ‘गिरोस’ या शब्दांचाही अर्थ फिरणे हाच. एकाच क्रियेवरून तीन भाषांनी पदार्थाला नाव दिले, यातच त्याची सारी कृती आली. आता गंमत अशी, की दुबईत सुरी घेऊन हे मांस तासणारे हात कित्येकदा मलबारचे असतात. शावरमा केरळात पोहोचला तोही असाच, आखातात राबून परतलेल्या माणसांबरोबर.

उभी सळई फिरते तेव्हा आच फक्त बाहेरच्या थराला लागते. तो थर शिजून कुरकुरीत झाला की तासून घ्यायचा, मग आतला थर आचेसमोर येतो. म्हणजे शंकूच्या गाभ्यातले मांस बराच वेळ कच्चेच असते, आणि ते तसे असणे अपेक्षितही आहे. गिऱ्हाईक भराभर येत असेल, सुरी पातळ चालत असेल, तर सारे ठीक. पण गर्दीच्या वेळी सुरी खोल गेली, किंवा गिऱ्हाईक नाही म्हणून आच मंदावली आणि शंकू तासन्‌तास कोमट राहिला, तर जिवाणूंना याहून सोयीची जागा नाही. दुबई महापालिकेने शावरमाच्या दुकानांसाठी स्वतंत्र अटी घातल्या आहेत, त्या उगाच नव्हेत.

दुसरा धोका सोबतच्या पांढऱ्या चटणीत असतो. लेबनॉनची अस्सल ‘तूम’ म्हणजे लसूण, तेल, लिंबू आणि मीठ घोटून केलेली चटणी; तिच्यात अंडे नसते. स्वस्तात आणि झटपट काम व्हावे म्हणून पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी कच्च्या अंड्याचे मेयोनेज आले. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शावरमा खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले आणि एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. रुग्णांच्या नमुन्यांत शिगेला हा जिवाणू आढळला. जानेवारी २०२३ मध्ये केरळ सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. धडधाकट तरुणाला दोन दिवसांच्या जुलाबांवर सोडणारा संसर्ग सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मात्र थेट रुग्णालयात नेतो. शरीरातले पाणी लवकर घटते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणून वृद्धांनी रस्त्यावरचा शावरमा टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगते.

पण ‘टाळा’ एवढे सांगून डॉक्टरचे काम संपत नाही. हे लिहावेसे वाटले ते त्याचसाठी.

माझा धाकटा भाऊ दुबईत करामा भागात राहतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे तीन आठवडे होते. त्याच्या शेजारच्या घरी सातारा जिल्ह्यातून एक निवृत्त शिक्षक मुलाकडे राहायला आले होते, वय ७९. सारे त्यांना गुरुजी म्हणत. पत्नी गेल्यानंतर मुलाने आग्रहाने इकडे आणलेले. आठ महिन्यांत त्यांचे वजन ६१ किलोवरून ५६ वर आले होते. ताटात वरण-भात, कधी दूध-भाकरी. दोन घास झाले की हात धुवायला उठायचे. मुलगा काळजीने अर्धा झाला होता. “अण्णांना काहीच आवडत नाही हो, ताई,” असे तो म्हणाला. गुरुजी खिडकीशी बसले होते. ते वळून म्हणाले, “डॉक्टरबाई, रोज संध्याकाळी खालून तो वास येतो. तेवढे एकदा खायचे आहे. पण हा म्हणतो, विषबाधा होईल.”

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवते. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग, कर्करोग, सैल झालेली कवळी, भूक मारणारी औषधे आणि मनाची उदासी ही सारी कारणे पाहावी लागतात. गुरुजींच्या तपासण्या तिथल्या डॉक्टरांनी केल्या होत्या, त्यांत मोठे काही निघाले नव्हते. दुःख होते, एकटेपणा होता, आणि ताटात प्रथिने फारच थोडी होती. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी थोडेथोडे झडत असतात. निरोगी वृद्धाला किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे गुरुजींना साधारण ५६ ते ६७ ग्रॅम. वरण-भाताच्या दोन-दोन घासांतून ती मिळणे शक्यच नव्हते. शिजलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत मात्र सुमारे २५ ग्रॅम असतात. शिवाय वयानुसार जिभेची आणि नाकाची जाण मंदावते. अशा वेळी आंबट, लसणीचा, खमंग वासाचा पदार्थ जे करतो ते बेचव ‘पथ्याचे’ जेवण करू शकत नाही. एखाद्या वृद्धाला कशाची तरी वासना झाली, तर ती मला नाडीइतकीच मोलाची खूण वाटते.

दुसऱ्या दिवशी मी बर दुबईच्या धक्क्यावरून अबरा नावाच्या लाकडी होडीत बसून, एक दिरहम देऊन, खाडीपलीकडे देराला गेले. तिथला मसाल्यांचा जुना बाजार पाहण्यासारखा आहे. अरुंद, छपराच्या गल्ल्या, पोत्यांतून उघड्यावर मांडलेले केशर, वाळवून काळे पडलेले लिंबू, गुलाबाच्या कळ्या. आपल्याला अनोळखी असा तिथला एक जिन्नस म्हणजे सुमाक, गडद तांबड्या फळांची आंबट पूड. ती थोडी घेतली. बाकी धने, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, वेलदोडा, हळद हे शावरम्याचे मसाले कोणत्याही मराठी घरात डब्यात असतातच. फरक प्रमाणाचा. जिरे पुढे, दालचिनी-वेलदोडा मागे आणि लाल तिखट जवळजवळ नाही. ज्यांना तिखटाने जळजळ होते त्यांच्यासाठी हे बरेच आहे.

शेजारच्या स्वयंपाकघरात ओव्हन होता. पुष्कळ जण घरी शावरमा करताना कांद्यावर सळया रोवून मांस रचतात आणि दुकानातल्यासारखा छोटा शंकू उभा करतात. दिसायला छान. वृद्धांसाठी मात्र मी तो सुचवत नाही, कारण बाहेरून करपले तरी मधले थर कच्चे राहू शकतात. तुकडे ट्रेमध्ये आडवे, एका थरात पसरावेत.

कोंबडीच्या मांडीचे हाड काढलेले ७५० ग्रॅम मांस घेतले. छातीचे मांस भाजल्यावर कोरडे पडते आणि कवळीखाली त्याचा चोथा होतो. मांडीचे मऊ राहते. ते नळाखाली धुतले नाही. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात, आणि आचेवर ते तसेही मरतातच. अर्धी वाटी दही, एका लिंबाचा रस, एक चमचा व्हिनेगर, दोन मोठे चमचे तेल, सहा लसणीच्या पाकळ्या वाटून, दोन चमचे जिरेपूड, एक चमचा धनेपूड, अर्धा-अर्धा चमचा मिरी आणि हळद, पाव-पाव चमचा दालचिनी आणि वेलदोडा, लवंगेची चिमूट आणि सपाट एक चमचा मीठ. हे सारे चोळून मांस झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, खालच्या खणात ठेवले, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर गळणार नाही. ओट्यावर मुरत ठेवण्याची सवय सोडावी. मीठ पाच जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला एक ग्रॅमच्या आसपास येते. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णानेही घाबरू नये. फक्त शेजारी ठेवलेले खारवलेले लोणचे त्याने बाजूला सारावे.

ओव्हन २२० अंशांवर आधी पंधरा मिनिटे तापवला. ट्रेमध्ये कांद्याच्या चकत्या, त्यावर मांस. पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. लहान ओटीजीत थोडी अधिक. वेळेवर किंवा रंगावर मात्र विसंबू नये, कारण हळदीने सारेच पिवळे दिसते. अन्नात खुपसायचा थर्मामीटर सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दाखवील तेव्हा कोंबडी शिजली. हे साधन महाग नाही. ज्या घरात साखर मोजण्याचे यंत्र आणि रक्तदाबाचे यंत्र आहे, तिथे हे तिसरेही असावे.

बाहेर काढून दहा मिनिटे तसेच राहू दिले. मग स्वच्छ फळीवर, ज्यावर कच्चे मांस कधी ठेवले नव्हते अशा, तंतूंच्या आडव्या दिशेने अगदी पातळ काप केले. तंतू आडवे कापले की चावण्याचे अर्धे काम सुरीच करते. ते काप ट्रेमधल्या रसात घोळवून वरच्या आचेवर तीन-चार मिनिटे ठेवले. कडा कुरकुरीत आणि आत रस, ही दुकानातली चव इथे येते. दातांचा त्रास असेल तर ही शेवटची पायरी गाळावी.

चटणीसाठी फडक्यात बांधून पाणी काढलेले दही, किंचित लसूण, लिंबू आणि तिळाची ताहिनी. अंडे नाही, मेयोनेज नाही. काकडीचे बारीक काप, वर सुमाक. खुब्ज नावाची तिथली रोटी ओव्हनमध्ये ऊब देऊन मऊ केली.

गुरुजींनी एक गुंडाळी पूर्ण खाल्ली आणि दुसरी अर्धी. मुलगा त्यांच्याकडे नुसता पाहत होता. जेवताना गुरुजी वर्गातल्या एका द्वाड मुलाची गोष्ट सांगत होते. इतके दिवसांत ते जेवणाच्या टेबलाशी बोलले नव्हते म्हणे. एका शावरम्याने कुणाचे वजन वाढत नाही. पण त्यानंतर त्या घरी आठवड्यातून दोनदा तो होऊ लागला, इतर दिवशी अंडी, पनीर, मासे ताटात आले, आणि मुख्य म्हणजे मुलगा वडिलांसोबत बसून जेवू लागला. तीन महिन्यांनी भावाने फोनवर सांगितले, वजन ५८.

काही रुग्णांना हा पदार्थ देताना सावध राहावे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळायला त्रास होत असेल, तर गुंडाळी देऊच नये. कोरडी रोटी आणि मांसाचे धागे घशात अडकतात. मांस बारीक करून, त्याच्या रसात आणि दह्यात कालवून, मऊ भाताबरोबर, ताठ बसवून द्यावे. तेही गिळण्याची तपासणी झालेली असेल तरच. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन किंवा असेनोकुमेरॉल घेणाऱ्यांनी शावरम्यासोबत मिळणारी तबूले ही कोशिंबीर वाटीभर खाऊ नये. ती जवळजवळ सगळी पार्सलीच्या पानांची असते, आणि त्या पानांतले भरपूर व्हिटॅमिन ‘के’ या औषधांचा परिणाम कमी करते.

उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, आपल्या उन्हाळ्यात तर एका तासात. खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे, ते एकदाच. मुलगा उशिरा येणार म्हणून त्याचे ताट झाकून ओट्यावर ठेवण्याची माया आपल्या घरांतून फार आहे. ते ताट फ्रीजमध्ये ठेवावे.

सातारा-सांगलीकडे सुमाक सहज मिळत नाही. आमसुले कडक वाळवून त्यांची पूड केली तर चालते. चव अगदी तीच नव्हे, पण आंबटपणा पुरेसा येतो. खुब्जऐवजी मऊ फुलका घ्यावा.