मोहगाव ते उदयनगर

सौंसरहून मोहगावी येताना संत्र्याचे बगीचे व पऱ्हाटीची वावरे आळीपाळीने लागतात. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला व हा मराठी मुलूख छिंदवाड्यातून त्यात आला. गावचे अर्धनारीश्वराचे देवालय प्रसिद्ध आहे. बगीच्याचा बहार येथे पुष्कळदा झाडावर असतानाच विकला जातो. हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्यास पेरणीच्या तोंडी उसनवारी करावी लागते.

अशा गावी ख्रिस्ताचा भक्त कशावरून ओळखावा? गळ्यातल्या क्रुसावरून? आम्हांस या प्रश्नापाशी याच मध्य प्रदेशातील, परंतु दूर पश्चिमेकडील, देवास जिल्ह्याचे उदयनगर आठवते.

क्लारिस्ट फ्रान्सिस्कन संघाच्या सिस्टर राणी मारिया १९९२ साली तेथे आल्या. जन्म केरळातील पुल्लुवळीचा, १९५४ चा. सावकारी कर्जात बुडालेल्या आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी बचत शिकविली, बँकेची वाट दाखविली. ज्यांचे व्याज बुडाले त्यांना हे कसे रुचावे? २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या मोटारीने इंदूरकडे निघाल्या असता, नाचनबोरपाशी, भाडोत्री मारेकऱ्याने भर उतारूंदेखत त्यांस सुऱ्याने भोसकले. अंगावर ५४ घाव होते. येशूचे नाव घेतच त्यांनी प्राण सोडला.

घावांच्या संख्येपेक्षा पुढील हकिकत आम्हांस अधिक जड वाटते. सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हीही त्याच संघाची. २००२ साली तिने तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात चुंबिले. आपल्या मुलीचे रक्त ज्या हातांस लागले, तेच ते हात!

आणि आमच्याकडे? वीतभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, परंतु रविवारी एकाच मिस्सेस येऊन एकामागे एक कम्युनियन घेतात. राखी तर आपल्या गावांत घरोघर ठाऊक आहे. तिच्यासाठी ग्रंथ वाचावे लागत नाहीत.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया धन्य घोषित झाल्या. त्यांची समाधी उदयनगरास आहे. ज्या वाचकांस जावयाचे असेल त्यांनी पांढुर्ण्यास आगगाडी धरावी, इटारसीवरून इंदूर गाठावे. पुढे मोटारीचा रस्ता आहे. सिस्टर ज्याने निघाल्या होत्या तोच, उलट दिशेने.