गंधाचे भय

डोळे मिटता येतात, कानांत बोटे घालता येतात. परंतु श्वास रोखून मनुष्य कितीसा वेळ राहणार? म्हणूनच भयप्रद विज्ञानकथेत गंधाइतके प्रभावी साधन दुसरे नसावे, असे मला वाटते. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीत मंगळवासी विषारी काळा धूर सोडतात. तो निदान दिसतो तरी! अदृश्य संकटाची वर्दी मात्र नाकालाच द्यावी लागते.

६ जून २०२० च्या रात्री घाटकोपर, विक्रोळी, पवई, चेंबूर या भागांतून उग्र दर्पाच्या तक्रारी आल्या. अग्निशामक दलाच्या १७ गाड्या सज्ज झाल्या. आमच्या घाटकोपरच्या घरी आजीच्या तोंडून एकच शब्द निघाला, "भोपाळ!" १९८४ ची ती काळरात्र तिच्या स्मरणात होती. "बाळा, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस," ती म्हणाली. खिडक्या उघडाव्यात, तर दर्प बाहेरचा असावा. मिटाव्यात, तर शेगडीचा संशय! गंध भिववितो, पण आपले ठिकाण सांगत नाही.

तरीही तो आपला वैरी नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, न्यू लंडन येथील शाळेत निर्गंध वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जीव गेले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. त्यानंतर तेथे वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा झाला. आपल्या घरच्या गॅसमध्येही असेच द्रव्य मिसळलेले असते.

त्या बालकांना हा पहारेकरी लाभला नव्हता. म्हणून, बालमित्रहो, दुर्गंधाला नाक मुरडण्यापूर्वी तो काय सांगू पाहतो, ते आधी ऐकावे.